ध्यानाला बसल्यावर नक्की करायचं काय? (भानावर यायची प्रॅक्टिस)

ध्यान म्हणजे डोकं रिकामं करणं, ह्या एका गैरसमजापायी किती जण पहिल्याच आठवड्यात सोडून देतात बघा. बसतात, डोळे मिटतात, दोन मिनिटांत कुणाशी तरी झालेलं भांडण, करायचा राहिलेला फोन, कुठलं तरी जुनं गाणं असं सगळं एकदम सुरू होतं आणि मग "आपलं मन फार चंचल, आपल्याला नाही जमायचं हे" म्हणून उठतात. मी पण हेच केलंय, एकदा नाही चांगलं तीन-चार वेळा. फार उशिरा कळलं की आपण भटकलो हे ज्या क्षणी लक्षात येतं ना, तोच क्षण कामाचा असतो, आणि मी नेमकी तिथेच हार मानून उठत होते.

पाली भाषेत, म्हणजे जुने बौद्ध ग्रंथ ज्या भाषेत आहेत तिच्यात, ह्याला सति म्हणतात, म्हणजे संस्कृतातली स्मृती, पण पाठांतरवाली नाही, आत्ता काय चाललंय ह्याची आठवण राहणं अशा अर्थानं. माइंडफुलनेस हा शब्द आता सगळीकडे झालाय, मराठीत कुणी सजगता लिहितं कुणी जागरूकता, ठीक आहे, पण मला विचाराल तर आपल्याकडे भान हा शब्द आधीपासून आहे आणि तो जास्त बरोबर बसतो. भान सुटतं, भान हरपतं, माणूस भानावर येतो. आता भानावर यायचं म्हटलं की आधी गेलेलं असणं त्यात आलंच, जो गेलाच नाही तो परत येणार कुठून. तेव्हा मन जाणार हे धरूनच बसायचं.

कशाचं भान ठेवायचं ते सतिपट्ठान सुत्तात (सुत्त म्हणजे बुद्धांचं प्रवचन) सांगितलंय, चार जागा आहेत: काया, वेदना, चित्त आणि धम्म. आणि इथे मराठी माणूस हमखास फसतो, कारण शब्द ओळखीचे वाटतात. वेदना म्हटलं की आपल्याला दुखणंच आठवतं, पण पालीत वेदना म्हणजे कुठल्याही अनुभवाची चव, सुखद, दुःखद किंवा दोन्ही नाही अशी मधली. गार वाऱ्याची झुळूक लागली आणि बरं वाटलं, ती पण वेदनाच. तसंच उपेक्षा. आपल्याकडे उपेक्षा म्हणजे दुर्लक्ष, हेळसांड, आणि तिथे उपेक्खा म्हणजे समतोल, आवडलं म्हणून ओढायचं नाही, नावडलं म्हणून ढकलायचं नाही, बघत राहायचं. मी कितीतरी दिवस उपेक्षा म्हणजे "लक्षच द्यायचं नाही" असं समजून दुखऱ्या गुडघ्याकडे पाठ फिरवून बसायचे, म्हणजे बरोब्बर उलटं. धम्म पण इथे धर्म ह्या अर्थानं नाही, मनात येणारे अडथळे, त्यातून सुटण्याला मदत करणाऱ्या गोष्टी, हे सगळं कसं चालतं ते बघणं. सुरुवातीला त्याची काळजी करू नका, काया पुरते. त्यातही श्वास.

आता बसायचं कसं. सुत्तात जागा सांगितल्यात त्या अरण्य, झाडाखाली किंवा रिकामी खोली. आपल्या वाट्याला बहुतेक तिसरीच येते आणि ती पण पूर्ण रिकामी नसते, तर असू दे. मांडी घालून पाठ सरळ, असं तिथे आहे, पण पद्मासन आलंच पाहिजे असं काही नाही. साधी मांडी घाला आणि कुल्ल्यांखाली जाड उशी किंवा घडी केलेलं ब्लँकेट घ्या, इतकं उंच की गुडघे कंबरेपेक्षा खाली जातील. हे एवढंसं वाटतं पण पाठीचं अर्धं दुखणं इथेच मिटतं, कारण गुडघे वर राहिले की कंबर मागे कलते आणि मग पाठ सरळ ठेवायला सतत जोर लावावा लागतो. गुडघे जमिनीला टेकत नसतील तर त्यांच्याखाली पण काहीतरी सरकवा. मांडी जमतच नसेल तर खुर्ची, त्यात कमीपणा काही नाही, फक्त पाय जमिनीवर पूर्ण टेकलेले आणि शक्यतो पाठ टेकवायची नाही. हात मांडीवर कुठेही. डोळे मिटा, झोप येत असेल तर अर्धवट उघडे ठेवून समोर खाली बघा.

वेळ दहा मिनिटं. खरंच दहा, एकदम तास नाही. टायमर लावा आणि फोन सायलेंट करून हाताला लागणार नाही असा ठेवा, नाहीतर तुम्ही "किती झाली" ते एक डोळा उघडून बघणार (मी बघायचे, आणि नेहमी चारच मिनिटं झालेली असायची). भरपेट जेवून लगेच बसू नका. रोज ठरलेली वेळ असली तर बरं, आणि वेळेपेक्षा सोपं म्हणजे रोज जे आपोआप होतं त्याला ते जोडून टाका, दात घासले की बसायचं, एवढंच, मग आज बसू का नको हा प्रश्न रोज नव्याने पडत नाही. जोर आल्यावर दोन तास आणि मग महिनाभर काहीच नाही ह्यापेक्षा रोजची दहा मिनिटं कितीतरी पुढे नेतात. दोन-तीन आठवड्यांनी वीस करा.

श्वास कुठे बघायचा ह्यावर वेगवेगळ्या परंपरा आहेत आणि लोक उगाच वाद घालतात. सयाजी ऊ बा खिन आणि त्यांचे शिष्य सत्यनारायण गोयंका ह्यांच्या पद्धतीत नाकपुड्या आणि वरच्या ओठाच्या वरची जागा, तिथे हवेचा स्पर्श बघतात. बर्मातलेच महासी सयाडो (१९०४ ते १९८२) ह्यांच्या पद्धतीत पोट बघतात, वर येतंय, खाली जातंय. दोन्ही चालतं. ज्यांचं डोकं फार धावतं त्यांना पोट सोपं जातं असा माझा अनुभव, नाकाजवळची जाणीव बारीक असते, ती सापडेपर्यंतच वैताग येतो. पण एक निवडा आणि निदान महिनाभर त्यालाच धरून राहा, आज नाक उद्या पोट परवा कुणीतरी सांगितलं म्हणून आणखी काही, असं केलं की कशाचंच धड काही होत नाही.

आणि श्वास घ्यायचा नाहीये, बघायचाय. हा फरक पहिल्या दिवशी कुणालाच जमत नाही. हा प्राणायाम नाही, इथे लांब करा, रोखा, सोडा असलं काही नाही. सुत्तात सरळ आहे की लांब श्वास घेतला तर लांब घेतला हे जाणतो, आखूड घेतला तर आखूड घेतला हे जाणतो, आणि त्याला उपमा दिलीय लाकूड फिरवून तासणाऱ्या कारागिराची, तो लांब फिरवतो तेव्हा लांब फिरवतोय हे त्याला कळतं, छोटं फिरवतो तेव्हा छोटं. मला ही उपमा फार आवडते कारण तो माणूस कामात आहे, समाधी लावून बसलेला नाही. आता अडचण अशी की आपण लक्ष दिलं रे दिलं की श्वास अवघडतो, कुणी फोटो काढताना आपलं हसणं अवघडतं ना तसा. त्यावर मला उपयोगी पडलेली युक्ती सांगते: श्वास बाहेर सोडून द्या आणि मग आत घेऊ नका, थांबा. रोखू नका, नुसतं बघा तो कधी येतो ते. शरीराला हवा असतोच, तो आपला आपण येतो. असं पाच-सहा वेळा केलं की आपण घेतो ही पकड जरा ढिली होते.

मन अजिबात टिकत नसेल तर मोजा. श्वास आत, बाहेर, एक. आत, बाहेर, दोन. विसुद्धिमग्ग ह्या पाचव्या शतकातल्या ग्रंथात बुद्धघोषांनी मोजायचा नियम पण दिलाय, पाचाच्या आत थांबायचं नाही आणि दहाच्या पुढे जायचं नाही, मग परत एकपासून. पाचापेक्षा कमी मोजलं तर मन कोंडल्यासारखं होतं आणि दहाच्या पुढे गेलं की लक्ष श्वासावरून उठून आकड्यांवर जाऊन बसतं. एकदा माझे चक्क सत्तावीस झाले होते आणि मला वाटत होतं वा काय एकाग्रता, प्रत्यक्षात मी दुसरंच काहीतरी ठरवत बसले होते आणि आकडे मागे आपोआप चालू होते. मोजणं चुकलं तर कुठे चुकलं ते शोधत बसू नका, एक. बस. आणि थोडं स्थिरावलं की मोजणं सोडून द्यायचं, ती काठी आहे, कायम धरायची वस्तू नाही.

मग येतं भटकणं, म्हणजे मुख्य काम. तुम्ही श्वास बघताय, मग नाही बघत आहात, मध्ये काय झालं पत्ता नाही, आणि अचानक लक्षात येतं अरे आपण तर तिकडे गेलो होतो. इथे तीन गोष्टी, आणि तिन्ही मिळून दोन सेकंदांच्या वर जायला नकोत. लक्षात आलं हे लक्षात घ्या. जे चाललं होतं त्याला एका शब्दाचं नाव द्या, "आठवण", "प्लॅनिंग", "राग", "ऐकणं", मनातल्या मनात हळूच. आणि पुढचा श्वास जिथे असेल तिथून धरा. महासी सयाडोंच्या पद्धतीत ह्या नाव देण्यावर फार भर आहे, आणि त्याचा फायदा असा की "तो असं बोललाच कसा" ह्या गोष्टीत तुम्ही पात्र असता, "राग" म्हटलं की तुम्ही बघणारे झालात. पण नावाचा निबंध करू नका, कशामुळे राग, कधीपासून राग, ते सगळं नंतर. आणि स्वतःला रागवायचं नाही हो. "परत गेलास, किती वेळा सांगायचं" असं आत चालू झालं तर तो पण एक विचारच, त्याला पण नाव द्या आणि या परत. दहा मिनिटांत पन्नास वेळा गेलं आणि पन्नास वेळा लक्षात आलं तर तुमची पन्नास वेळा प्रॅक्टिस झाली.

अडथळे पाच, त्यांना नीवरण म्हणतात: हवंहवंसं वाटणं, चीड, सुस्ती, अस्वस्थता-पस्तावा, आणि शंका. म्हणजे अडीच हजार वर्षांपूर्वीच्या भिक्खूंना पण हेच होत होतं, तुमचं मन काही स्पेशल बिघडलेलं नाही. सुस्तीचं तर मोठं गमतीदार आहे. मोग्गल्लान, बुद्धाचे दोन मुख्य शिष्य होते त्यातले एक, ते ध्यानात पेंगत होते तेव्हा बुद्धांनी त्यांना एकापुढे एक उपाय सांगितलेत, ज्यामुळे पेंग येते त्याकडे लक्ष देऊ नको, शिकलेलं आठव, मोठ्यानं म्हण, कान ओढ आणि हातपाय चोळ, उठून डोळ्यांवर पाणी मार आणि वर चांदण्यांकडे बघ, मनात उजेड आण, येरझाऱ्या घाल, आणि एवढं करून नाहीच गेली तर उजव्या कुशीवर नीट झोप, जाग आल्यावर लगेच उठायचं असं ठरवून. इतकं प्रॅक्टिकल आहे ते. तुम्ही रोज पेंगत असाल तर आधी बघा रात्रीची झोप पुरेशी होतेय का, ध्यानाचा दोष नसतो बऱ्याचदा.

अस्वस्थता असेल तर उलटं, श्वास बारीक बघायचा हट्ट सोडा आणि पूर्ण शरीर एकदम जाणवू द्या, बैठक, जमिनीचा स्पर्श, हातांचं वजन. हवंहवंसं आणि चीड ह्यांना नाव देऊन भागतं. शंका मात्र हुशार असते कारण ती शहाणपणाच्या आवाजात बोलते, "ह्या वेळात दुसरं काही केलं असतं तर", "ही पद्धत आपल्याला सूट होत नाही बहुतेक". तिच्याशी वाद घालू नका, टायमर वाजल्यावर काय तो विचार करू म्हणा.

दुखण्याबद्दल थोडं जास्त लिहिते कारण सगळे इथे अडतात. पाय दुखायला लागला की आधी बघा नुसतं दुखणं कसं आहे, टोचतंय, जळतंय, ओढ बसतेय, एका जागी आहे का सरकतंय. बहुतेक वेळा दिसतं की दुखणं थोडं आहे आणि त्याच्यावर "हे कधी संपणार, माझा गुडघा गेला वाटतं" हे जास्त आहे. बुद्धांनी ह्याला दोन बाणांची उपमा दिलीय, पहिला बाण शरीराला लागतो, तो कुणालाच चुकत नाही, आणि दुसरा आपण मनाने स्वतःला मारून घेतो. दोन्ही वेगळे दिसायला लागणं हाच वेदना बघत राहण्याचा धडा. पण मर्दुमकी नको. मुंग्या येणं, ओढ बसणं हे थोडा वेळ बघण्यासारखं, गुडघ्यात सणकन कळ आली तर पाय बदलायचा, तिथे सहन करून काही मिळत नाही. बदलताना पण आधी "हलायचंय" ही इच्छा बघा, मग सावकाश हलवा, ते हलणं जाणवू द्या, मग परत श्वास. असं केलं की हलणं पण ध्यानातच धरलं जातं.

बसणं जमतच नसेल अशा दिवशी चाला. चंक्रमण म्हणतात त्याला आणि ते काही दुय्यम नाही, सतिपट्ठानात चालणं, उभं राहणं, बसणं, आडवं होणं चारी आलेत. दहा-पंधरा पावलांची मोकळी जागा पुरते, एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जायचं, थांबायचं, वळायचं, परत. नजर पुढे दोन-तीन पावलांवर. पाय उचलला, पुढे नेला, ठेवला, तळव्याला जमीन लागली. कुठे पोचायचं नसल्यामुळे डोकं सुरुवातीला फार चिडतं. वळताना लक्ष सुटतं हमखास, तेव्हा टोकाला मुद्दाम उभं राहून एक श्वास घ्या.

आणि मग उरलेला दिवस. वाकणं, हात पसरणं, खाणं, पिणं, बोलणं, गप्प राहणं, अगदी संडास-लघवीपर्यंत सगळं सुत्तात भान ठेवायच्या यादीत आहे, त्यामुळे माझ्याकडे वेळच नाही ही सबब तिथे चालत नाही. दिवसभर भान ठेवीन असं ठरवू नका, अर्ध्या तासात विसराल. एक काम घ्या, भांडी घासणं म्हणा, आंघोळ म्हणा, जिना चढणं म्हणा, आणि आठवडाभर तेवढंच पूर्ण लक्ष देऊन करा, पाण्याचा स्पर्श, साबणाचा बुळबुळीतपणा, भांड्याचं वजन. फोन वाजला की उचलायच्या आधी एक श्वास, हे पण चालतं. मेसेजला चिडून उत्तर टाइप करताना मध्येच बोटं थांबली आणि छातीत काय होतंय ते जाणवलं, असं पहिल्यांदा झालं ना, तेव्हा मला पटलं की सकाळचं बसणं कुठेतरी पोचतंय. प्रगती असली तर अशी दिसते, बसल्यावर प्रकाश दिसला, अंग हलकं झालं ह्याने नाही. ते होतं आणि जातं. आज फार शांत बसले म्हणून उद्या तेच मागत बसलात की उद्याचं बसणं वाया गेलंच समजा.

किती जोर लावायचा ह्याला सोण भिक्खूची गोष्ट आहे. त्याने चंक्रमण करून करून पायातून रक्त काढलं आणि तरी काही हाती लागेना म्हणून सोडायच्या विचारात होता. आधी तो वीणा चांगली वाजवायचा, तेव्हा बुद्धांनी विचारलं की तारा फार ताणल्या तर वीणा वाजते का, फार ढिल्या सोडल्या तर वाजते का. बसल्यावर जबडा आवळलाय, कपाळाला आठ्या आहेत, तर तार ताणलीय, सोडा जरा. छान गुंगीत पंधरा मिनिटं कशी गेली कळलंच नाही, तर ढिली आहे, पाठ सरळ करा, श्वासाची सुरुवात आणि शेवट पकडायचा प्रयत्न करा.

शेवटची दोन मिनिटं मैत्रीसाठी ठेवा असं मी सांगेन, पालीत मेत्ता. आधी स्वतःबद्दल, मी सुखी असो, मग एखादं आवडतं माणूस, मग तोंडओळख असलेलं कुणी, आणि मग जमेल तेव्हा ज्याच्यावर आपला राग आहे तो. तिथे घशात अडकतं, अडकू दे, खोटं प्रेम आणायचं नाही. शब्द कोरडे वाटले तरी म्हणत राहा.

शिबिराचं काय असं लोक विचारतात. गोयंकांच्या परंपरेतली विपश्यना शिबिरं दहा दिवसांची असतात, मौन असतं, पहिले तीन दिवस नुसतं आनापान, म्हणजे श्वासच, आणि विपश्यना, म्हणजे अंगभरच्या संवेदना बघत जाणं, चौथ्या दिवशी सुरू होते. फी नसते, दानावर चालतं. खूप मिळतं तिथे, पण ते अवघड आहे, तेव्हा आधी दोन-तीन महिने घरी रोज बसून बघा. ज्यांना धर्माचा संबंध नकोसा वाटतो त्यांच्यासाठी जॉन कबाट-झिन ह्यांनी १९७९ साली अमेरिकेत दवाखान्यातल्या पेशंटांसाठी सुरू केलेला आठ आठवड्यांचा स्ट्रेस कमी करायचा कोर्स आहे, मूळ त्याचं पण इथलंच. फक्त बौद्ध परंपरेत हे एकटं येत नाही, त्याबरोबर शील येतं, खोटं न बोलणं, चोरी न करणं, कुणाला इजा न करणं वगैरे पाच, आणि ते उपदेश म्हणून बाजूला ठेवायचं नाही, दिवसभर कुणाला फसवून संध्याकाळी बसा आणि बघा मन काय दाखवतं ते. आणि हे संन्याशांचंच काम असं वाटत असेल तर गोयंकांचे गुरू ऊ बा खिन हे बर्मा सरकारचे अकाउंटंट जनरल होते, दिवसभर हिशेब बघून ध्यान शिकवायचे.

एक गोष्ट मात्र सिरियसली घ्या. ज्यांना पॅनिक अटॅक येतात, मोठं डिप्रेशन चालू आहे, आयुष्यात काही भयंकर घडून गेलंय आणि ते डोळे मिटले की वर येतं, त्यांनी आपल्या डॉक्टरांशी बोलल्याशिवाय लांब बसू नये, दहा दिवसांच्या शिबिराला तर नाहीच, आणि गोळ्या चालू असतील तर ध्यान सुरू केलं म्हणून स्वतःच्या मनाने बंद करायच्या नाहीत. बसताना घाबरायला झालं तर डोळे उघडा, खोलीतल्या पाच वस्तूंची नावं घ्या, पाय जमिनीवर दाबा, उठा, चाला. पुढे बसूनच राहायचं असं काही व्रत नाही.

टायमर वाजला की ताडकन उठायची सवय असते, ती मोडा. वाजू द्या, तो आवाज ऐका, "संपलं" म्हणून आत जी घाई होते ती बघा, मग डोळे हळू उघडा, पाय सरळ करा, मुंग्या आल्या असतील तर त्या जाईपर्यंत थांबा (न थांबता उठून मी एकदा सरळ दाराला धडकलेय), आणि मग फोनकडे हात जाईलच, तो जाताना बघा.